संत्रागोळ्यांची जेली

विजयमालाला धाकट्या जावेचं सगळंच खुपायचं, खोटं कशाला बोला? धनश्री पुणतांब्याहून श्रीगोंद्याच्या या मळ्यात नांदायला येऊन उणेपुरे आठ महिने झाले होते. विजयमालाने याच चुलीपुढे अठरा वर्षं काढली होती. आणि अठरा वर्षं सासरे, रामहरीमामा, आल्यागेल्याला एकच सांगायचे, "खीर खावी तर आमच्या विजूच्या हातची." गव्हाची खीर, गुळाची, वरून खोबरं. तेवढ्या एका वाक्यावर बाईचा सगळा शीण उतरायचा.

गेल्या महिन्यात मामांच्या उरल्यासुरल्या दाढा काढल्या. तेव्हापासून रोजच खीर. आणि काल जेवता जेवता मामा म्हणाले, "विजू, उद्या खीर नगं. धाकटी कायतरी करनार हाय म्हनं. ते बघू."

झालं! विजयमालाच्या अंगाचा तिळपापड झाला.

धाकटी करणार होती जेली. मामांना संत्रागोळ्यांचं वेड. संत्र्याच्या फोडीसारख्या, वर साखर माखलेल्या. बाजारातून पुडी यायचीच. आता त्या कडक गोळ्यांनी हिरड्या सोलून निघायच्या, म्हणून पुडी फडताळात पडून होती. धनश्रीने ती हेरली. तिच्या आईने जुन्या मासिकातलं एक पिवळं पडलेलं कात्रण जपून ठेवलं होतं: गोळ्या गरम पाण्यात विरघळवा, जिलेटिन घाला, साच्यात ओता. आपल्याला कसं नाही सुचलं, असं विजयमालाच्या मनात आलं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

सकाळी ते कात्रण ओट्यावर पडलं होतं. विजयमालाने लेकीला विचारलं, "दिशा, जिलेटिन म्हंजी काय गं?"

दिशाने मोबाईलवर बघितलं. "आई, जनावरांच्या हाडांपासून करत्यात ते. कातड्यापासून."

विजयमालाचा हात पोळपाटावर थांबला. मामा माळकरी. चाळीस वर्षं गळ्यात तुळशीची माळ. घरात अंड्याचा केक आला तर ताट उचलून ओसरीवर जाऊन बसणारा माणूस!

"कुनापाशी बोलू नगंस," ती लेकीला म्हणाली. "मी सांगते."

सांगायचं तर जाऊ चार हातांवरच होती, पातेलं ढवळत. पण आत्ता सांगून काय व्हायचं? धाकटी "अगंबाई" म्हणणार, पातेलं ओतून देणार, आणि "ताई, बरं झालं सांगितलंत" म्हणून वर पुन्हा गोडच होणार. छे! बोलायचं तर ताटावर, सगळ्यांच्या देखत. होऊ दे की शोभा.

दुपारी सगळे जेवायला बसले. धनश्रीने स्टीलचा डबा परातीत उपडा केला, तशी नारिंगी ढेप बाहेर आली आणि लटलट हलायला लागली.

"आगं, जित्तं हाय का काय हे!" मामा म्हणाले, आणि बोळक्या तोंडाने खळखळून हसले. खिरीला हसले होते का कधी असे?

मामांनी चमचा भरला. आता बोल, विजयमाला स्वतःला म्हणाली. चमचा तोंडापाशी गेला. खाऊ दे, तिला वाटलं, एकदा खाऊ दे, मग धाकटी चुलीपाशी फिरकायची नाही. मामांनी चमचा तोंडात घातला, जेली जिभेवर घोळवली, डोळे मिटले.

"आरं, गोळीच की ही! आन दात नकोत का काय नको!" म्हणाले, आणि गिळली.

"मामा, थुका ते!" विजयमाला ओरडली. "जनावराची हाडं हायती त्यात! हिनं माळ बाटवली तुमची!"

सगळ्यांचे हात ताटातच थांबले. धनश्रीचा चेहरा उतरला, पण ती उठली आणि आतून एक रिकामं पाकीट घेऊन आली.

"ताई, जिलेटिन कात्रणात हाय. मी न्हाई घातलं. हे चायना ग्रास हाय, समुद्रातल्या शेवाळाचं. मामांना माळ हाय, हे मी आले त्याच दिवशी तुमीच न्हवतं का सांगितलं मला?"

दिशाने पाकिटावरचा हिरवा ठिपका आजोबांना दाखवला.

"मला काय ठावं?" विजयमाला घाईघाईने म्हणाली. "सकाळी दिशानं मोबाईलात बघून सांगितलं, म्हनून मी..."

"सकाळी?" मामांनी चमचा खाली ठेवला. "सकाळपासनं ठावं हुतं तुला? मंग मी गिळूस्तवर गप का बसलीस, विजू?"

मामा चार शिव्या देते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती गळ्यातली माळ चाचपली, आणि परात पुन्हा जवळ ओढली.

दुसऱ्या दिवशी विजयमालाने पहाटेच गहू कांडले. भरपूर गूळ घातला, तूप सोडलं, खोबरं पेरलं. वाटी मामांपुढे ठेवली. मामांनी चमचा उचलला आणि तसाच हातात धरला.

"काय काय घातलंयस गं यात?"

अठरा वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

"गहू," विजयमाला म्हणाली. "गूळ. तूप. खोबरं."

तिचं सांगून होईपर्यंत मामा थांबले, आणि मग त्यांनी पहिला चमचा घेतला.