बिनवासाची बाटली

नातवाला मांडीवर घ्यायचं असेल तर बर्नडेटला आधी लेकीच्या गॅरेजमध्ये कपडे बदलावे लागत. टेसने तिथे एक झाकणाची पेटी ठेवली होती. कामावरचे कपडे त्यात कोंबायचे, झाकण दाबून लावायचं, कोपरापर्यंत हात धुवायचे आणि टेसने धुऊन ठेवलेला राखाडी झगा चढवून मगच स्वयंपाकघराच्या काचेच्या दाराने आत यायचं. न्यू जर्सीतल्या सुगंधाच्या कंपनीत तीस वर्षं साबणांचे वास जुळवणारी एकोणसाठ वर्षांची बाई जानेवारीच्या थंडीत गॅरेजमध्ये कुडकुडत उभी राहायची. चार महिन्यांच्या ऑगीसाठी ती बाहेर बर्फातसुद्धा उभी राहिली असती.

टेसचं अगदीच चूक होतं असंही नाही. तिचं बालपण लव्हेंडर आणि पाइनच्या नमुन्यांत बुडालेलं. शाळेत पोरं तिला 'लाँड्री' म्हणून हाक मारत. "माझ्या आईला स्वतःचा असा वासच नव्हता, दर आठवड्याला वेगळी आई," असं ती सासरच्या मंडळींना हसत सांगायची, आणि बर्नडेटही बिचारी त्यांच्याबरोबर हसायची. आता टेसच्या घरात वासाची साधी मेणबत्तीसुद्धा नव्हती.

फक्त एक बाटली बर्नडेटने आणून दिली होती. बाळाला आंघोळ घालायच्या साबणाची, पांढरी, वर निळ्या अक्षरांत 'बिनवासाचा' लिहिलेली. टेसने मागची बारीक अक्षरं ओळ न ओळ वाचली. 'सुगंध' हा शब्द कुठेच नव्हता.

"चला! तुझी करामत नसलेलं काहीतरी आणलंस एकदाचं."

"हो ना," बर्नडेट म्हणाली.

धडधडीत खोटं होतं ते. साबणाला मुळात स्वतःचा वास असतो, ओल्या पुठ्ठ्यासारखा, शिळ्या चरबीसारखा, आणि तो कुणालाच नको असतो. मग त्याच्यावर दुसरा वास इतक्या बेताने बसवायचा की नाकाला दोन्ही कळू नयेत. भल्याभल्यांना हे साधत नाही. बर्नडेटला साधलं होतं, अकरा महिने खपून. तिने घातलेली तीन द्रव्यं यादीत 'त्वचा मऊ राखणारे अर्क' म्हणून गेली. कायद्यालाही ते चालतं. सुगंध जमला की कंपनीत टाळ्या पडतात, वास नाहीसा केला तर कोण टाळ्या वाजवणार? ज्या घरात तिचा ब्लाउज चालत नव्हता, त्या घरात रोज तिचं काम बाळाच्या अंगाला लागत होतं. याचा तिला मनातून केवढा आनंद होता! ती आयुष्यभर कामाची भुकेली होती, कौतुकाची त्याहून जास्त.

फेब्रुवारीत ऑगीच्या मानेवर आणि कोपरांच्या घड्यांत लाल चट्टे उठले. खाजवू नये म्हणून त्याच्या हातांना मोजे घातले होते. त्या रविवारी बर्नडेटने त्याला छातीशी धरलं, मानेच्या ऊबदार वळीत नाक घातलं आणि ती जागच्या जागी थिजली. गरम कातडीवर तिच्या तीन द्रव्यांतलं एक सुटून वर आलं होतं. अगदी पुसट. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं.

"डॉक्टर म्हणाले, घरात कशाची तरी ॲलर्जी आहे," टेस म्हणाली. "मॉम, राग मानू नकोस. थोडे दिवस येऊ नकोस. कपडे पेटीत जातात गं, तुझे केस कुठे ठेवू?"

बर्नडेटच्या तोंडात वाक्य तयार होतं. 'मी नाही, ती बाटली.' पण बाटली म्हणजे तरी कोण? ती ऑगीला लेकीच्या हातात देऊन निघाली.

खरं सांगितलं तर दार कायमचं बंद होईल, गप्प बसलं तर थोडेच दिवस, असा तिने हिशेब केला. पोर खाजवून हैराण होत होतं आणि आजी हिशेब करत होती. बाटली संपेल, टेस दुसराच साबण आणेल, चट्टे आपोआप जातील. दर रविवारी टेस फोटो पाठवायची. तिसऱ्या रविवारच्या फोटोत उशीवर रक्ताचे ठिपके होते.

सोमवारी ती कामावरून तशीच तडक गेली, अंगावरच्या कपड्यांनिशी. टेसने दार उघडलं नाही. दोघी काचेच्या दोन्ही बाजूंना उभ्या.

"ती बाटली फेकून दे."

"त्यात काही नाहीये, मॉम. मी वाचलंय."

"आहे. मीच घातलंय. ते माझंच काम आहे."

टेसला समजायला वेळ लागला. समजल्यावर तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"तुला कधी कळलं?"

"टेस, आधी ती..."

"कधी कळलं?"

"तू येऊ नकोस म्हणालीस, त्याच दिवशी."

"तीन आठवडे," टेस म्हणाली. "चट्टे आले म्हणून मी त्याला त्याच साबणाने जास्त वेळा धूत होते, मॉम. एकदाच्या जागी दोनदा झालं होतं, मग तीनदा. आणि तो ओरडायचा तेव्हा मी तुझ्या नावाने बोटं मोडायची, तुझ्या केसांच्या नावाने!"

तिने पडदा ओढला.

नऊ दिवसांनी फोटो आला. ऑगीची मान गोरीपान, नितळ. खाली एक शब्द नव्हता. बर्नडेटने त्याला आमंत्रण समजायचं ठरवलं आणि रविवारी सकाळी, केस तीनदा नुसत्या पाण्याने धुऊन, ती निघाली.

गॅरेज बंद होतं. कपड्यांची पेटी बाहेर अंगणात ठेवली होती. आत तिचा झगा होता, धुतलेला, नीट घडी घातलेला. तिने बेल वाजवली नाही. गाडीत बसून तिने झगा तोंडाशी धरला आणि छाती भरून श्वास घेतला. मैलावरून पावडरीचा डबा ओळखणारं ते नाक. तिने खांद्याजवळ हुंगलं, जिथे तो डोकं टेकायचा, मग छातीजवळ, मग पुन्हा खांद्याजवळ.

टेसने झगा चांगलाच धुतला होता. कशाचाच वास येत नव्हता, ऑगीचासुद्धा नाही.