मतांची अदलाबदल

गुरुनाथ आणि मी पन्नास वर्षं राजकारणावरून भांडत आलो आहोत. अमेरिकेत ॲन आर्बरला विद्यार्थी असताना एका खोलीत राहायचो, तेव्हापासून. तेव्हा इथे आम्हाला मताचा अधिकारही नव्हता, तरी बर्फात बसची वाट बघत अध्यक्ष कोण व्हावा यावरून आम्ही हमरीतुमरीवर यायचो. पुढे तो चिप बनवणाऱ्या कंपनीत लागून ॲरिझोनात चँडलरला गेला, मी औषध कंपनीत न्यू जर्सीतल्या पार्सिपनीला आलो. दोघेही नागरिक झालो आणि भांडण रविवारच्या फोनवर गेलं.

भांडण एकच. गुरुनाथ मनात भरेल त्यालाच मत देतो, मग तो माणूस आपटणार हे शेंबड्या पोरालाही का ठाऊक असेना. मी निवडून येण्यासारख्या दोघांमधला कमी वाईट बघतो. "तू मत देत नाहीस, अर्घ्य सोडतोस," मी त्याला म्हणायचो. "आणि तू मंडईत भाव करतोस," तो म्हणायचा.

अध्यक्षपदाच्या गेल्या निवडणुकीत त्याने कहर केला. युद्धासाठी एक डॉलरही देणार नाही म्हणणारा एक निवृत्त शाळामास्तर तिसऱ्या पक्षातर्फे उभा होता. त्याचं नाव मतपत्रिकेवर यावं म्हणून गुरुनाथ लायब्ररीच्या दाराशी उभा राहून लोकांच्या सह्या गोळा करत होता. वय शहात्तर, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि वर ॲरिझोनाचं ऊन. ऐकून मी इतका संतापलो की फोनच ठेवून दिला. खरं सांगायचं तर त्याच्या तब्येतीपेक्षा मला त्याच्या मताचाच जास्त राग आला होता. इथे निकाल राज्यागणिक लागतो, आणि ॲरिझोनात अटीतटीची लढत होती. माझा उमेदवार मला फार आवडत होता अशातला भाग नाही, पण समोरचा आला तर काय होईल या धास्तीने माझी झोप उडाली होती.

तोडगा माझ्या मुलीने काढला. "बाबा, जस्ट स्वॅप," आरोही म्हणाली. "न्यू जर्सी इज सेफ, इथे तुमचा माणूस जिंकणारच. तुम्ही इथे गुरुकाकांच्या माणसाला व्होट करा, काका तिथे तुमच्या माणसाला करतील. पीपल डू इट."

मी लगेच फोन लावला. गुरुनाथने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मी मन मारायचं," तो म्हणाला.

"अरे यार, तुझं मत फक्त न्यू जर्सीला शिफ्ट होतंय. तुझ्या मास्तरला एक व्होट मिळणारच आहे, ते मी देईन."

"शब्द देतोस?"

"दिला."

ऑक्टोबरमध्ये त्याची मतपत्रिका टपालाने घरी आली. मी लाज सोडून भरलेल्या मतपत्रिकेचा फोटो मागितला, आणि त्याने पाठवला. माझ्या उमेदवाराच्या नावापुढचा गोल काळा केलेला होता, शाई थोडी बाहेर गेली होती. खाली त्याने लिहिलं होतं, "दोनदा पेन खाली ठेवलं. झालं एकदाचं. तुझा फोटो नको. तू म्हणालास ना, पुरे."

मतदानाच्या दिवशी मी आणि माझी बायको उत्तरा शाळेच्या जिममध्ये गेलो. ती तिच्या मशीनकडे गेली, मी माझ्या. पडद्यावर मास्तरचं नाव सगळ्यांत खाली होतं. मी बोट तिथवर नेलंही. पण सकाळी टीव्हीवर कुणीतरी म्हणालं होतं की न्यू जर्सीतही या वेळी अंतर कमी होतंय. मी घराचा, गाडीचा, दातांचासुद्धा विमा उतरवणारा माणूस. म्हटलं, खरंच थोडक्यात हुकलं तर? माझं बोट वर गेलं आणि माझ्या उमेदवाराच्या नावावर टेकलं. मग मी आणखी एक बटण दाबून ते पक्कं केलं. तेवढ्या वेळात मला बदलता आलं असतं.

पार्किंगमध्येच गुरुनाथचा फोन आला. "दिलंस?"

"दिलं रे."

"थँक यू, विवेक."

पन्नास वर्षांत त्याने मला कधी थँक यू म्हटलं नव्हतं.

न्यू जर्सी माझ्या उमेदवाराने लाखो मतांनी जिंकलं. ॲरिझोना तो हरला, देशही हरला. गुरुनाथचं मन मारणं फुकट गेलं आणि माझ्या बेइमानीची तर कुणाला गरजच नव्हती.

डिसेंबरात मतदान केंद्रनिहाय आकडे कौंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, वेबसाइटवर आले. आमच्या भागातल्या कुणीतरी मास्तरला मत दिलं असेल, एवढीच माझी आशा होती. दिलेलं असतं तर त्याच्याआड मला लपता आलं असतं. मी आमच्या केंद्राची ओळ शोधली आणि आडवं बोट फिरवत त्याच्या नावाखाली आलो. तिथे शून्य होतं.

गुप्त मतदान म्हणून मी निर्धास्त होतो. शून्यात काय गुप्त राहणार?

गुरुनाथला आकड्यांचं वेड आहे. तो बघणार हे मला माहीत होतं. पण रविवारी फोन आला तो नेहमीसारखा. त्याच्या अंगणातल्या लिंबाला फळं धरली होती, डायलिसिसची नर्स बदलली होती. पुढच्या रविवारीही तेच. माझी चौकशी, उत्तराची, आरोहीची. निवडणुकीचं नाव नाही. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच आम्ही भांडत नव्हतो, आणि मला ते सहन होईना.

तिसऱ्या रविवारी मीच फोन केला.

"गुरु, मी तुला खोटं सांगितलं. मास्तरला मत नाही दिलं मी. ऐन वेळी घाबरलो."

"माहीत आहे," तो म्हणाला. "तुमच्या केंद्राचे आकडे आले त्याच दिवशी बघितले मी."

"मग शिव्या का नाही घातल्यास?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

मला वाटलं आता तो नेहमीसारखा तावातावाने बोलेल, मी काहीबाही उलटं बोलेन आणि सगळं मार्गी लागेल. मी तर शिव्या खायला फोन कानाशी घट्ट धरून बसलो होतो. पण त्याचा आवाज अगदी साधा होता.

"तिथे एक जरी मत असतं ना विवेक, कुणाचंही, तरी मी ते तुझंच समजून गप्प बसलो असतो. एकही नव्हतं रे."