डिम्फनाची बडबड

आयर्लंडच्या रेडिओवरल्या कथास्पर्धेत फिंटन मास्तरांची कथा निवडली गेली, तेव्हा त्यांची बायको डिम्फना जाऊन वर्ष झालं होतं. नवऱ्याची प्रत्येक कथा शेगडीपाशी बसून ऐकणारी, "हे कोण ऐकणार, बाबा?" म्हणून नाक मुरडणारी डिम्फना त्यांनी या कथेत जशीच्या तशी उतरवली होती.

निर्मातीबाईंचा फोन आला. "कथा मिनिटभर लांबतेय, मास्तर. बायकोची बडबड काढली तर चालेल ना?"

"हो, हो, चालेल की," ते घाईने म्हणाले.

रविवारी, मूळ कथा आधी वाचलेला शेजारचा मलाकी ती रेडिओवर ऐकायला आला. संपल्यावर म्हणाला, "झकास! पण आमची डिम्फना कधी बोलते याची वाट बघत होतो, लेका."

"मीच काढलं तिला," फिंटन रेडिओ बंद करत म्हणाले. "बाईंना नाही म्हणायचा धीर झाला नाही."