तीन हातांचं गिऱ्हाईक

"हे सांगितलं तर कुणाच्या बापाला खरं वाटणार नाही," मामा म्हणाला आणि इस्त्रीच्या टेबलावर मांडी ठोकून बसला. मामाची प्रत्येक गोष्ट याच वाक्याने सुरू व्हायची, आणि तेवढं एक वाक्य सोडलं तर पुढे खरं असं फार थोडं सापडायचं.

गोष्ट ऐकायला दोघीच होत्या. मामाची भाची कपाटातले कापडाचे तुकडे पिशवीत भरत होती. तिची आई, म्हणजे मामाची धाकटी बहीण, शिवणयंत्रामागे बसली होती. नवरा टेलरमास्तर, म्हणून सगळा रस्ता तिला मास्तरीण म्हणायचा.

मास्तर गेल्यापासून मास्तरीण बोलली नव्हती. रुसवा नव्हता, रडणंही नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर ओठ जसा आपला असून आपला राहत नाही, तसं तिच्या सगळ्याच अंगाचं झालं होतं. माणसं येऊन खांद्यावर हात ठेवून गेली. हात जड होते की हलके, तिला कळलं नाही. सकाळी बोटात टाचणी शिरली होती. अस्तरावर लाल ठिपका उमटला तेव्हा डोळ्यांना समजलं, बोटाला नाही.

संध्याकाळी दुकान घ्यायला माणूस येणार होता, मोबाइलची कव्हरं विकणारा. ठेवायचं की देऊन टाकायचं, हे लेकीने आईला परोपरीने विचारून पाहिलं होतं. तोंडाने नको, नुसती मान हलव, इथपर्यंत ती खाली आली होती. मान हलली नाही. मग लेकीने मनाशी ठरवलं की शिंपीच राहिला नाही तर दुकान कुणासाठी? त्या माणसाला हो म्हणायचं आणि आईला आपल्या घरी न्यायचं. तिचं तरी काय चुकत होतं? पाटीवर नाव मास्तरांचं, गळ्यात टेप मास्तरांच्या, गिऱ्हाइकांशी थट्टामस्करी मास्तरांची. मास्तरीण पडद्यामागे, यंत्राच्या खडखडाटात. हे सगळं मास्तरीण ऐकून होती. दुसऱ्याच कुणाच्या दुकानाबद्दल ऐकावं तसं.

मामाला विषय मिळाला तो रेडिओमुळे. शास्त्रज्ञ मोठमोठ्या थाळ्या आकाशाकडे वळवून वर्षानुवर्षं कान लावून बसलेत, पण पलीकडून अजून कुणी हूं की चूं केलेलं नाही, असं रेडिओवरची बाई सांगत होती. लेक म्हणाली, म्हणजे कुणी नाहीच तिकडे, असतं तर एव्हाना बोललं नसतं का?

मामाने भाचीकडे पाहिलं, मग बहिणीकडे, आणि रेडिओ बंद केला.

"बोलत नाही म्हणजे नाही, असं कुठे असतं?" तो म्हणाला. "अगं, एक जण तर या दुकानात शर्ट शिवून गेलाय."

मास्तरीण तेव्हा घरी जेवायला गेली होती, असं सांगून मामाने आधी एक साक्षीदार बाद केला. मग गिऱ्हाईक आत घेतलं. उंचीला दारात वाकावं लागेल असं, रंगाने कच्च्या पपईसारखं, आणि हात तीन. तिसरा कुठे होता, असं भाचीने पिशवी भरता भरता विचारलं.

"पाठीत. खाजवायला काय सोयीचा!"

"आणि ते बोललं कसं, मामा? मराठीत?"

बोलायचं काय त्यात, मामा म्हणाला. शिंप्याकडे आलेला माणूस हात पसरून उभा राहतो, तसं तेही राहिलं, तिन्ही पसरून. मास्तर आधी जरा बिचकले. हे जनावर म्हणायचं की शहाणं, कसं ओळखावं? पण पोटाभोवती टेप गुंडाळला आणि त्या पठ्ठ्याने पोट आत ओढलं. मास्तर तिथेच म्हणाले, याला अक्कल आहे. गाय पोट आत ओढत नाही. मोठमोठ्या थाळ्यांना जे कळलं नाही ते आमच्या मेव्हण्यांनी टेपने ओळखलं.

लेक हसली, मग आईकडे बघून पुन्हा तुकडे भरू लागली. मास्तरीण अस्तराच्या ठिपक्यावर बोट फिरवत होती. भावाचे शब्द येत होते, काचेपलीकडून यावेत तसे. पूर्वी या थापांना ती पडद्याआडूनच टोमणे मारायची. आता टोमणा कुठून यायचा असतो, ती जागाच तिला सापडत नव्हती.

मामाच्या ते लक्षात आलं असावं. तो टेबलावरून उतरून यंत्राजवळ आला आणि गोष्ट उगाचच लांबवू लागला. गिऱ्हाइकाने खिशातून काढलेलं कापड उन्हात निळं आणि सावलीत करडं दिसायचं. कात्री लावली की ते गुदगुल्या झाल्यासारखं थरथरायचं. मास्तरिणीने तेही ऐकून घेतलं. कापड थरथरलं असेल, तिला काय त्याचं.

"पण कमाल पुढेच आहे," मामा म्हणाला. "तिसरी बाही. पाठीला बाही जोडायचा मुंढा, कधी कुणी ऐकलाय? मास्तरांनी काय करावं? बसले यंत्रावर आणि एका बैठकीत लावून मोकळे. ना चुणी, ना झोळ. एकदासुद्धा उसवली नाही."

अस्तरावरचं बोट थांबलं.

मास्तरिणीने मान वर केली. लेकीच्या हातातली पिशवी तशीच अर्धी राहिली.

"तीन हात असतील, दादा," मास्तरीण म्हणाली. आवाज खरखरीत निघाला, तिचा तिलाच ओळखू आला नाही. "आकाशातूनही आला असेल. पण बाही ह्यांनी लावली, हे खोटं. ह्यांना जन्मात बाही लावता आली नाही. या दुकानातून गेलेली एकूण एक बाही मी लावलेली आहे."