पहिल्या पसंतीची शाळा

नील्साने डोक्यावरची केसांची जाळी ओढून काढली आणि एप्रनच्या खिशात कोंबली. जेवणघराच्या दारातून तिची लेक झुलेका आत येत होती आणि तिच्या मागे नील्साचा थोरला भाऊ एफ्राइन. जाळी खिशात जाते न जाते तोच स्वयंपाकघराच्या प्रमुख मिस बेव्हर्लींनी कॉफीच्या टाकीमागून विचारलं, की एखाद्या पालकाच्या कपात केस निघाला तर उत्तर कोण देणार? नील्साने मुकाट्याने जाळी परत चढवली.

ब्राँक्समधल्या त्या तंत्रशाळेत आठवीच्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना शाळा दाखवायची ती संध्याकाळ होती. सगळ्यांनी वर्ग बघत हिंडायचं आणि शेवटी जेवणघरात कॉफी-बिस्किटं घेत शिक्षकांना शंका विचारायच्या. नील्सा नऊ वर्षं याच काउंटरमागे उभी राहून मुलांना जेवण वाढत होती. पण तिची लेक नववीच्या प्रवेशअर्जात याच शाळेचं नाव पसंतीत पहिलं लिहायचं म्हणून हटून बसली आहे, हे तिने इथे मिस बेव्हर्लींशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.

झुलेका रांगेतून पुढे आली. तिच्या मागे अनोळखी मुलं होती, उद्या कदाचित तिच्याच वर्गात बसणारी. ती काउंटरपाशी थांबली आणि घरात शिरताना म्हणते तशी सहज म्हणाली,

"आशीर्वाद, आई."

बोलायला लागल्यापासून झुलेकाने आशीर्वाद मागितला नाही असा दिवस गेला नव्हता आणि नील्साने तो दिला नाही असाही नव्हता. भांडणात, तापात, फोनवर घाईत असतानासुद्धा 'देव तुझं भलं करो' एवढं तोंडातून जायचंच. त्यांच्यासारख्या प्वेर्तो रिकोच्या कुठल्याही घरात आई ते गिळत नाही. नील्साने ते त्या संध्याकाळी गिळलं. तिने एक कप भरला, झुलेकाच्या खांद्यावरून मागच्या बाईपुढे धरला आणि विचारलं, "साखर किती?"

झुलेका बिस्किट न घेताच मामाच्या टेबलाकडे गेली.

नील्साने स्वतःची समजूत घातली. मागे इथल्या सफाई कामगाराचा मुलगा याच शाळेत होता. कुणाचं दूध सांडलं की पोरं त्याला म्हणायची, जा, तुझ्या बापाला बोलावून आण. मुलगा गुणी होता, पण पुढे पुढे बाप समोरून आला की जिना बदलायला लागला. आपल्या लेकीच्या वाट्याला ते येऊ नये, एवढंच नील्साला हवं होतं. म्हणून घरी ती मॅनहॅटनमधल्या एका जुन्या नामांकित शाळेची बाजू घेऊन भांडत होती. तिथे लॅटिन आहे, वाद्यवृंद आहे, मुलं बड्या बड्या कॉलेजांत जातात, असं ती झुलेकाला ऐकवायची. जायला सव्वा तास लागतो, हे मात्र ती घाईने म्हणायची.

तिकडे एका शिक्षिकेने माहिती द्यायला सुरुवात केली होती. कॉम्प्युटरचा सहा वर्षांचा अभ्यासक्रम. अकरावीपासून मुलं रस्त्यापलीकडच्या कॉलेजात बसतात. शेवटी शाळेच्या दाखल्याबरोबर कॉलेजची दोन वर्षांची पदवी, तीही फुकट. एकीने विचारलं, की हे विषय पुढे सगळी कॉलेजं धरतात का? शिक्षिका प्रामाणिक होती. म्हणाली, सगळी नाही धरत. आणि काही मुलांना हा भार पेलत नाही, ती अर्ध्यातून कॉलेजचे विषय सोडतात.

एफ्राइनने हात वर केला. तो बस चालवायचा आणि त्याच आवाजात प्रश्न विचारायचा. त्याच्या वेळी त्याचं आडनाव बघून शाळेच्या सल्लागाराने त्याला धंदेशिक्षणाच्या शाळेत ढकललं होतं आणि तिथे तो जे छपाईयंत्र खोलायला शिकला, ते बाहेर कधीच भंगारात गेलं होतं. हा काटा त्याच्या मनातून निघाला नव्हता.

"चौदाव्या वर्षी तुम्ही पोरीला कॉम्प्युटरला जुंपणार," तो म्हणाला. "सोळाव्या वर्षी ती म्हणाली, मला डॉक्टर व्हायचंय, मग?"

शिक्षिका म्हणाली, मग तिने डॉक्टर व्हावं. गणित-विज्ञान वाया जात नाही, मात्र वेळ आणि हट्ट दोन्ही जास्त लागतील. एफ्राइनला हे उत्तर आवडलं. त्याचाच त्याला राग आला.

त्या दिवसापासून झुलेकाने आशीर्वाद मागणं बंद केलं. शाळेतून आली की 'आले' म्हणायची आणि खोलीत जायची. घर तसं नीट चाललं होतं, पण नील्साला ते परक्याचं वाटायला लागलं.

रविवारी दुपारी एफ्राइन जेवायला आला. तुरीच्या दाण्यांचा भात शिजत होता. नील्सा हिरव्या केळ्यांचे तुकडे एकदा तळून काढत होती, झुलेका ते लाकडी फळीखाली दाबून चपटे करत होती, पुन्हा तळण्यासाठी. एफ्राइन बसल्या बसल्या दोन्ही शाळा तोलत होता. मॅनहॅटनच्या पारड्यात नाव आणि रुबाब. इकडच्या पारड्यात फुकटची पदवी, शिवाय एका कॉम्प्युटर कंपनीतली माणसं येऊन शिकवणार. परवापर्यंत तो या शाळेच्या नावाने बोटं मोडत होता, आता तिची बाजू थोडी जड करायला लागला होता. तसंही पहिलं नाव लिहिलं म्हणून नंबर लागतोच असं नाही, असं म्हणून तो दोन्हीकडून मोकळा झाला.

नील्साने गॅस बारीक केला.

"लिही तीच पहिली," ती लेकीला म्हणाली. "मी मिस बेव्हर्लींना सांगितलंय, सप्टेंबरपासून मला दुसऱ्या शाळेच्या स्वयंपाकघरात पाठवा. मग या शाळेत तुला कुणी काही म्हणणार नाही. वाढणाऱ्या बाईची पोरगी म्हणून."

झुलेकाचे हात फळीवरच थांबले.

"म्हणून तू त्या दिवशी बोलली नाहीस?"

"मग काय करू? ती सगळी पोरं बघत होती."

"मला वाटलं, तुला माझी लाज वाटली. माझे ते जुने बूट होते म्हणून."

नील्साच्या लेकीने इतके दिवस स्वतःचे बूट बघत काढले होते. एफ्राइन खुर्चीतून उठला, उगाच खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

"आणि तू तिथे नसशील तर मला ती शाळा नको," झुलेका म्हणाली. "ते मॅनहॅटनचंच लिहिते."

"अगं, शाळा काय मला बघून निवडायची असते?" नील्सा चिडूनच म्हणाली. "पदवीचं काय? त्या कॉम्प्युटरचं काय? एवढे दिवस डोकं खाल्लंस माझं."

"कॉम्प्युटर दोन्हीकडे आहेत, आई. तू एकीकडेच आहेस."

मग तिने खाली बघत, एकेक तुकडा दाबत, बाकीचं सांगितलं. सकाळी ती उठते तेव्हा आई कामावर गेलेली असते. शाळा सुटल्यावर आई दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना पुसायला जाते, ती येईपर्यंत मामाने आणलेलं गरम करून एकटीने खायचं. त्या शाळेत निदान दुपारी रांगेत उभं राहिलं की आई समोर दिसेल. कॉलेजची पदवी तिला हवीच होती, त्याची सगळी माहिती तिने काढली होती. पण दोन शाळा सारख्या तोलाच्या ठरल्या, तेव्हा तिने आईचं हे वजन इकडच्या पारड्यात वरून टाकलं होतं.

"पोरं चिडवतील," नील्सा हळूच म्हणाली.

"चिडवू देत. त्यांच्या आया कुठे असतात दुपारी?"

नील्साने तेलकट हात एप्रनला पुसले. आयुष्यात तिला फार कुणी निवडलं नव्हतं; नवऱ्याने नाही, नशिबानेही बेताचंच. आणि इथे तिच्या पोरीने ती सगळी पारडी लावून झाल्यावर शेवटी तिला निवडलं होतं. देवाचे आभार कसे मानायचे, हे तिला त्या घटकेला सुचेना. तिने झुलेकाचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि न मागताच म्हणाली, "देव तुझं भलं करो." एकदा म्हणून भागेना, म्हणून राहिलेल्या दिवसांचंही म्हणाली.

"तेल जळतंय," एफ्राइन खिडकीकडे तोंड करूनच म्हणाला.

सोमवारी सकाळी मिस बेव्हर्ली नासपतींची खोकी फोडत होत्या. नील्साने जाळी बांधता बांधता विषय काढला, की बदलीचं राहू दे. मिस बेव्हर्लींनी सुरी खाली ठेवली. मूळच्या जमैकाच्या त्या बाई रागावल्या की आणखी सावकाश बोलत.

"शुक्रवारीच कळवलं मी वर. तुझ्यासाठी तीन ठिकाणी शब्द टाकला. आता उलटं कळवायचं, तर काही कारण लागेल ना, बाई?"

"आहे कारण."

"काय सांगू?"

नील्सा नासपतींचं खोकं उचलून नळाकडे निघाली होती. ती थांबली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्या स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणाली,

"सांगा, माझ्या लेकीला दुसऱ्या कुणाच्या हातचं जेवण जात नाही."