पांढरा ढग

विल्बर्ट पाण्यातून वर आला, त्याच्या पाठोपाठ डॉक्टर रुबिसेलिया. एलिहियाची नजर नवऱ्याकडे गेलीच नाही. ती गेली डॉक्टरीणबाईंच्या कानांकडे. सकाळी लखलखणारी चांदीची कर्णफुलं तव्यासारखी काळी पडली होती.

म्हणजे दोघं ढगात गेले होते.

सेनोतेच्या, म्हणजे त्या खोल नैसर्गिक विहिरीच्या, गुहेत वर गोडं पाणी, खाली समुद्राचं खारं, आणि दोन्ही भेटतात तिथं तो पांढरा ढग तरंगत असतो. सडक्या अंड्यांसारखा वास आणि चांदी काळवंडून टाकणारं पाणी. डॉक्टरीणबाई मेरिदा शहरातून आल्या होत्या त्यातल्या जंतूंच्या अभ्यासासाठी. पण तो ढग पहिल्यांदा पाहिला होता एलिहिया आणि विल्बर्टनं, लग्नाच्या आधी, हातात हात धरून. "हा आपल्या दोघांचाच," असं म्हणाला होता तो. पुढं तिच्या कानाचा पडदा फाटला, आणि तेव्हापासून ती काठावर बाटल्या सांभाळत बसायची.

"आज वरवरच पोहणार होतात ना?"

"होतो की. पण यांना राहवेना," विल्बर्ट हसत म्हणाला. "ढग दिसल्यावर लहान मुलीसारख्या हात हलवायला लागल्या!"

"मला नाही कधी लहान मुलगी म्हणालास."

"तू मला दंडाला धरून खाली नेलं होतंस, बाई. तुला मुकादम म्हणायचं का मुलगी?"

डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या आणि ढगातल्या पाण्याची बाटली तिच्या हाती देत म्हणाल्या, "जपा हं, एलिहिया. हवा लागली की बिचारे सगळे मरतात."

दोघं कपडे बदलायला झाडांआड गेले. एका झाडाआड तो, दुसऱ्या झाडाआड त्या, तरी एलिहियाला ते सोसवेना. तिनं बाटलीचं झाकण फिरवलं, चांगलं उघडं ठेवलं, आणि त्यांची पावलं वाजताच घट्ट लावून टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी यंत्राची कांडी बाटलीत बुडवली आणि त्यांचा चेहरा पडला. "हवा गेली हो आत. माझंच झाकण सैल राहिलं असणार, घाईत."

एलिहिया रिकाम्या बाटल्या नीट रचू लागली.

"मग काय झालं?" विल्बर्टचा चेहरा मात्र खुलला. "उद्या परत उतरू. परवासुद्धा!"

"खरंच चालेल?"

"न चालायला काय झालं?" तो बायकोकडे वळला. "एलिहिया, उद्या डब्यात पानुचो जरा जास्त दे गं. आम्हाला खाली उशीर होईल."

"देते की," एलिहिया म्हणाली, आणि मनातल्या मनात स्वतःच्या बोटांना तिनं एक सणसणीत शिवी हासडली.