गोलकीपरच्या कडा

वाटेत आत्याने भाचीला पुन्हा पुन्हा बजावलं होतं, "तू तोंड उघडायचं नाहीस. बोलणार मी. दुकानदार कितीही म्हणाला तरी आपण आधी हसायचं."

तिने मान डोलावली. बाबांच्या मागे बाइंडिंगचं काम चालू ठेवायचं, तर कटिंग मशीनला नवी मोटर हवी होती. मोटरला सोळा हजार लागणार होते आणि तेवढे पैसे देईल अशी घरात एकच वस्तू होती: बाबांनी जमवलेली फुटबॉलपटूंची कार्डं. आत्या आयुष्यभर त्यांना 'भावाचे कपटे' म्हणत आली. आज तीच त्यांची पेटी पोटाशी धरून चालली होती, आणि कुणी धक्का दिला की त्याच्याकडे डोळे वटारून बघत होती.

पेटी बाबांनीच बांधलेली. निळं कापड, आत प्रत्येक कार्डाला आपला खण. जुनी कार्डं घेणाऱ्या दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला, चिमट्यासारख्या दोन बोटांनी त्यातलं एकच किमती कार्ड, गोलकीपरचं, बाहेर काढलं आणि बराच वेळ भिंगाखाली धरलं. गोलकीपर हवेत आडवा झालेला, चेंडू बोटांच्या टोकाशी. मग दुकानदाराने कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

"मी मनचा भाव सांगत नाही. हेच कार्ड वर्षभरात जेवढ्याला गेलं, ते सगळं इथे आहे. त्यातून माझा नफा काढला की उरतात बारा हजार."

आत्या ठरल्याप्रमाणे हसली. "बारा हजारांत नुसते हातमोजे येतील, भाऊ. वीस म्हणा."

"ताई, वीस मिळणार असतील तर मी दुकानच देऊन टाकीन."

"दुकानाचं नंतर बघू. आधी कार्डाचं बोला."

दुकानदारालाही हसू आवरेना. घासाघीस करत दोघं चौदावर आली आणि तिथे अडली. त्याने पुन्हा भिंग उचललं. "कार्ड एवढं जुनं, पण कडा बघा. काल छापल्यासारख्या. चला, या कडांसाठी पंधरा."

आता मात्र तिला राहवलं नाही. पंधराचे सोळा व्हायला एवढंच सांगायचं राहिलंय, असं तिला वाटलं.

"बाबांच्या हातच्या आहेत त्या. कार्ड जरा झिजलं की ते मशीनवर केसभर छाटायचे."

दुकानदाराने भिंग खाली ठेवलं. "सगळी कार्डं?"

"एकूण एक," आत्या अभिमानाने म्हणाली.

त्याने कपाळाला हात लावला, तसा वरचा चष्मा नाकावर येऊन आदळला. मग तो समजावू लागला. या धंद्यात कोपरा दुमडलेला चालतो, डागही एखाद्या वेळी खपतो, पण छाटलेलं कार्ड मूळ मापाचं राहत नाही, म्हणजे संपलंच.

"आता किती?" तिने विचारलं.

"पाचशे. तेही त्याच्या उडीसाठी."

"आणि हिने सांगितलंच नसतं तर?" आत्याने विचारलं.

"तर मी फसलो असतो. मग मी दुसऱ्या कुणाला फसवलं असतं."

आत्याने भाचीला कोपराने ढोसलं.

भाची गोलकीपरकडे बघत होती. छाटून झालं की बाबा पात्यावरचा भुसा फुंकायचे आणि कार्ड उजेडात धरायचे. आवडत्या वस्तूचं भलं करायचं तर ते असंच, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

काहीतरी चाळा हवा म्हणून दुकानदाराने आपलं एक कार्ड पेटीतल्या रिकाम्या खणात सरकवून पाहिलं. ते जाईना.

"खण लहान झालेत."

"लहान नाहीत," ती म्हणाली. "त्यांच्या कार्डांच्या मापाचे आहेत."

त्याने पेटी उलटसुलट केली. झाकण लावलं, ते हळूच हवा सोडत खाली बसलं. त्याने पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. "माझी गिऱ्हाइकं महागडी कार्डं प्लॅस्टिकच्या डब्यात कोंबतात. पेटी कितीला देता?"

"वीस," आत्या तत्काळ म्हणाली.

"पेटी विकायची नाही," ती म्हणाली. "पण तुमच्या मापाच्या करून देईन."

"दहा हव्यात. एकीचा भाव?"

आत्याने तोंड उघडलं, तेवढ्यात तिचा पाय भाचीने टेबलाखाली दाबला. समोरचा कागद ओढून तिने पुठ्ठा, कापड, खळ, मजुरी आणि शेवटी आपला नफा असं सगळं मांडलं आणि त्याने पडदा वळवला होता तसाच कागद त्याच्याकडे वळवला.

"थोडं कमी करा की."

"करते. कशातून करू? कापड हलकं लावू, की खळ पातळ करू?"

दुकानदाराने आत्याकडे पाहिलं. "हिला तुम्ही गप्प बसवून आणलं होतंत?"

"माझंच चुकलं," आत्या म्हणाली.

निम्मे पैसे आगाऊ मिळाले. मोटर भागून वर कापडापुरते उरत होते. बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "ते पाचशेही घ्यायचे होतेस."

"गोलकीपरचे?"

"नाहीतर काय." चार पावलं गेल्यावर आत्या थांबली. "दे ती पेटी इकडे. तू पाडशील."

पेटी घेऊन आत्याने झाकण थोडं उचललं, गोलकीपर आपल्या खणात आहे ना, ते पाहिलं.

"कडा मात्र सरळ आहेत हो," ती म्हणाली आणि झाकण लावलं.